लांडगे ठेवले, भिंगऱ्या कापल्या

सर, ते तीन परिच्छेद मी कापले. सुनंदाच्या हातून राहिले नव्हते, छापखान्यात गहाळ झाले नव्हते, आणि जागा नव्हती हेही पूर्ण खरं नव्हतं. नवघरच्या आपल्या मासिकाच्या खोलीत, भर दुपारी, पंखा बंद पडला होता म्हणून दार उघडं टाकून मी तुमचा लेख दोनदा वाचला आणि शेवटच्या तीन परिच्छेदांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली. दोनदा वाचला हे मुद्दाम सांगतोय. न वाचता कापला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. हे मी आपल्याच मासिकात छापतोय, आणि वाचणाऱ्या सगळ्यांना तुम्ही माहीत नाही, म्हणून काही गोष्टी त्यांच्यासाठी सांगतो. बैठकीत मी प्रास्ताविक करायला लागलो की तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात, तसंच आताही थोडा वेळ बघा.

इनास सर चौक गावचे. वडील डोलीवर जाणारे, म्हणजे खाडीच्या तोंडाशी डोल जाळं लावून बोंबील, जवळा धरणारे. सर शिष्यवृत्तीवर कीवला जीवशास्त्र शिकायला गेले आणि चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा तिथेच वसतिगृहात होते. पुढे परत येऊन आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्यांचा वर्गमित्र मिकोला मात्र त्या निर्मनुष्य पट्ट्यात पक्षी मोजायचं काम करू लागला, आणि एका उन्हाळ्यात सर त्याच्याबरोबर तिथे राहून आले. मी विमा कचेरीत नोकरी करणारा, गिरगावातून नवघरला राहायला आलेला, हौसेने हे सोळा पानांचं विज्ञान मासिक चालवणारा. पानं लावते सुनंदा, गेली बारा वर्षं. झालं प्रास्ताविक.

आपल्याकडे मजकूर खालून कापायची पद्धत होती. लेख लांबला की शेवटून ओळी काढायच्या. कारण बहुतेक लेखक शेवटी उपदेशच करतात, "चला तर मग, आपण सर्वांनी" वगैरे; ते गेलं तर कुणाला कळतही नाही. तुम्ही एकटेच उलट लिहायचात. एकदा मी म्हटलं होतं, "सर, महत्त्वाचं आधी लिहा ना. वाचक शेवटपर्यंत येतो कुठे?"

तुम्ही म्हणालात, "अहो संपादक, डोलीचं तोंड केवढं मोठं असतं पाहिलंय? त्यात काही नसतं. मासा मिळतो तो शेपटाच्या पिशवीत. माझा लेख तसाच वाचायचा."

आपण हसलो होतो. आणि मी नेमकं शेपूटच कापलं.

त्या अंकाचं नाव मीच ठरवलं होतं, 'पुन्हा'. पुन्हा उगवलेलं, परतलेलं असं काहीतरी मला हवं होतं. तुमच्या लेखाच्या पहिल्या भागात ते भरपूर होतं. वाऱ्याच्या वाटेवरचं पाइनचं जंगल तांबडं पडून मेलं, आणि काही वर्षांनी तिथे बर्चची कोवळी झाडं उभी राहिली. माणसांना गावं सोडायला लावली, मागे राहिलेल्या बागांमधली सफरचंदं खायला मूस हरणं यायला लागली. शाळेच्या पटांगणात रानडुकरं. दुर्मिळ रानटी घोडे आणून सोडले, तेही तगले, वाढले. आणि लांडगे. मिकोलाच्या जीपसमोर रस्त्यात उभा राहिलेला, जागचा न हलणारा लांडगा तुम्ही असा लिहिला होता की मी त्याचं चित्र काढून घेतलं आणि अर्ध्या पानावर टाकलं.

मग आले ते तीन परिच्छेद. त्यात तुम्ही म्हटलं होतं की जंगल परतलं ते विष संपलं म्हणून नाही, माणूस निघून गेला म्हणून. शिकार, नांगर, करवत, रस्ते थांबले आणि जनावरांना जागा मिळाली. विष मातीत आहे तिथेच आहे. माळभिंगरीचं तुम्ही लिहिलं होतं, जी माणसाच्या घराच्या, गोठ्याच्या आढ्याखाली घरटं करते. माणूस गेला, गुरं गेली, आणि तिला नुसतं रान मोठं होऊन काही उपयोग झाला नाही. जास्त दूषित जागी काही भिंगऱ्यांच्या अंगावर नको तिथे पांढरी पिसं दिसली. काही ठिकाणी खाली पडलेला पाला लवकर कुजत नाही असं तिथल्या लोकांनी पाहिलं, म्हणजे कुजवणारे बारीक जीवच कमी. किती नुकसान झालं यावर मोजणाऱ्यांमध्ये अजून भांडण आहे आणि मी त्यात पंच होऊ शकत नाही, हेही तुम्ही लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं : 'माणूस विषापेक्षाही जड होता एवढंच इथे कळतं, विष हलकं होतं असं कुणी यातून काढू नये.'

मला ते आवडलं नाही. वाक्य आवडलं, पण अंकात नको वाटलं. त्या वर्षी घरात बाबांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता, कुठेतरी काहीतरी बरं होतंय असं मला हवं होतं, आणि तुमच्या भिंगऱ्या मध्ये येत होत्या. ही सबब म्हणून सांगत नाही. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नव्हतं, एवढंच.

अंक हातात पडल्यावर तुमचा फोन आला.

"श्रीधरराव, माझं शेपूट कुठंय?"

'राव' लावलंत तेव्हाच मी समजलो. आणि माझ्या तोंडातून निघालं, "सर, सुनंदाच्या हातून पान लावताना राहिलं बहुतेक. मी बघतो."

"सुनंदाच्या? तिच्या हातून स्वल्पविराम पडत नाही."

"घाई होती ना, सर. शिवाय जागाच नव्हती."

"लांडग्याचं चित्र लहान करता आलं नसतं?"

मग तुम्हीच म्हणालात, "पुढच्या अंकात खुलासा टाका. ते तीन परिच्छेदही." मी खुलासा टाकला. शब्दकोड्याच्या उत्तरांखाली दोन ओळी : गेल्या अंकातील एका लेखाचा काही भाग तांत्रिक कारणाने राहून गेला, दिलगीर आहोत. कुठला लेख, कुठला भाग, काही नाही. परिच्छेद तर नाहीतच. 'तांत्रिक कारणाने' हे शब्द लिहिताना मला हायसं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

हे इथेच मिटलं असतं. आपण दोन महिने अबोला धरला असता, मग तुम्ही सुके बोंबील घेऊन नवघरला आला असतात. पण मधे ती सुनावणी आली.

खाडीकडच्या पडीक मिठागरावर कारखान्यांची राख आणि गाळ आणून टाकायचा एका कंपनीचा प्रस्ताव होता. भरतीचं पाणी तिथून फिरून चौकच्या होड्या लागतात तिथवर येतं. गावाने हरकत घेतली होती, हरकतीचा मसुदा तुम्हीच लिहिला होता. शाळेच्या सभागृहात माणसं मावत नव्हती. मी 'मासिकासाठी वृत्तांत' म्हणून आलो होतो, तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

कंपनीचे सल्लागार गोड बोलणारे होते. मराठी चांगलं. म्हणाले, "तुमची काळजी मी समजू शकतो. पण निसर्ग आपण समजतो तेवढा नाजूक नसतो. मी बाहेरचं काही सांगत नाही, तुमच्याच गावच्या एका अभ्यासू शिक्षकांनी लिहिलंय ते वाचतो." आणि त्यांनी आपला 'पुन्हा' अंक वर धरला. लांडगा सगळ्या सभागृहाला दिसला. त्यांनी तुमची वाक्यं वाचली, सावकाश, चांगली वाचली. वाचून म्हणाले, "अणुभट्टी फुटली तिथे हे झालं. इथे तर नुसती राख आहे."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं.

"इनास, ह्ये तू लिवलंस?"

तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी हातातली वही घट्ट धरली. तुम्ही म्हणालात, "होय. नाव माझंच हाय. लेख पुरा न्हाय." सल्लागार हसून म्हणाले, "सर, छापलेला आहे तेवढा वाचला मी. उरलेला कुठे मिळेल?"

तुम्ही रांगांवरून नजर फिरवलीत. माझ्यापाशी ती थांबली. मी वहीत काहीतरी लिहू लागलो. काय लिहीत होतो ते नंतर पाहिलं : नुसती तारीख, तीनदा.

तुम्ही खाली बसलात.

सुनावणी पुढे ढकलली गेली, पण गावात बोलणं सुरू झालं. किनाऱ्यावर जाळी शिवायला बसणाऱ्यांपैकी कुणीतरी तुम्हाला विचारायचं, "मास्तर, तुमचे लांडगे कवा येतात आपल्या मिठागरात?" दुसरा म्हणायचा, "लांडगे न्हाय आले तर डुकरं तरी आणा, सणाला होतील." हसायचे सगळे. पहिल्यांदा तुम्हीही हसलात म्हणे. मग संध्याकाळी किनाऱ्यावर जाणं बंद केलंत. हे मला तुमच्या पत्नीने, फिलूबायने सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

सुनावणीनंतर बाहेर रिक्षांच्या रांगेपाशी मी तुम्हाला गाठलं, ते आठवतं?

"सर, मला काही सुचलंच नाही."

"तुम्हाला? तुम्ही तर भरभरून लिहीत होतात."

"तुम्ही माझं नाव घ्यायचं होतं ना!"

"का?" तुम्ही चिडलात. इतक्या वर्षांत तुमचा आवाज मी तसा ऐकला नव्हता. "मी म्हटलं असतं संपादकाने कापलं, तर लोक म्हणाले असते, मास्तर स्वतःची सोडवणूक करतोय. मी बोललो तर ती पळवाट होते, तुम्ही बोललात तर ती माहिती होते. एवढं कळत नाही तुम्हाला? अंक कसले काढता मग?"

मीही बोललो. म्हटलं, तुम्हीच असं लिहिता की शेवट वाचल्याशिवाय अर्थ उलटा होतो. अशा लेखाचं काय करायचं माणसाने? माझ्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, म्हणून ते जास्त वाईट होतं. तुम्ही रिक्षात बसलात.

तरी थंडीत तुम्ही मला मिठागरावर पक्षी मोजायला बोलावलंत. ती आपली शेवटची भेट. तारेवर भिंगऱ्या बसल्या होत्या, ओळीने, पन्नासेक. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "याच असतील ना सर, तिकडून आलेल्या? पुढच्या अंकात लिहू या का?"

तुम्ही दुर्बीण न काढता म्हणालात, "तिकडच्या भिंगऱ्या थंडीत आफ्रिकेत जातात. या दुसरीकडून येतात. जात तीच. गोष्ट छान होते म्हणून पक्ष्याचा रस्ता बदलू नका."

मग थोड्या वेळाने, आकडा वहीत टिपता टिपता, "दुसरी सुनावणी लागेल उन्हाळ्यात. तुम्ही उभे राहा. ते तीन परिच्छेद वाचा. बास."

मी म्हटलं, "बघू."

सर, हा माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द. निरोप घेताना काही बोललो असेन, पण तो आठवत नाही. हाच आठवतो. तुम्ही मान हलवलीत आणि मला थर्मासमधला चहा दिलात. झाकणातला तुम्ही घेतलात, कप मला दिलात. तुम्ही माझ्यावर चिडला होतात तितका मी कुणावर चिडलो असतो, तर कप त्याला दिला नसता.

चर्चमधल्या तुमच्या मिस्सेनंतर, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेनंतर, तुमच्या ओट्यावर मी फिलूबायसमोर उभा राहिलो. म्हटलं, "सरांचं फार मोठं..." त्यांनी हात वर करून थांबवलं.

"भाषण नको, भाऊ. तुमच्या लांडग्यांनी माझ्या माणसाला खाल्ला असं मी म्हणत न्हाय. हार्टचं त्याला आधीच होतं. पण झोप खाल्ली त्याची. ह्ये मी म्हणणार." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "जेवलाव का न्हाय? बसा."

मी बसलो. जेवलो. त्या वाढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती पानं लावत होती, हात थांबवले नाहीत.

"मला माहीतय," ती म्हणाली. "अंक निघाल्यावर सर आले होते, तुम्ही नव्हतात, तेव्हाच. विचारलं, तुझ्या हातून राहिलं का गं? मी म्हटलं, हो."

"का म्हणालीस हो?"

"मग काय म्हणायचं? संपादक खोटं बोलतात? इथे रोज तुमच्याबरोबर बसायचंय मला." मग ती थांबली. "सर म्हणाले, खोटं बोलतेस, पण असू दे, त्याचं तो सांगेल. मी वाट बघत होते."

"सुनंदा, मला..."

"मला सॉरी नकोय. माझ्यासमोर काय म्हणताय? या खोलीत कोण ऐकतंय? तिकडे जाऊन म्हणा." आणि तिने ड्रॉवरमधून तुमचं हस्तलिखित काढून टेबलावर ठेवलं, माझ्या लाल रेघेसकट. तिने ते जपून ठेवलं होतं. मी मागितलं असतं तर तेव्हाही दिलं असतं.

गेल्या गुरुवारी दुसरी सुनावणी झाली. सभागृह तेच, सल्लागार तेच, आणि त्यांच्या फायलीत अंक तोच. त्यांनी तुमच्याबद्दल दोन मिनिटं हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा तीच पानं उघडली. मी हात वर केला. अधिकाऱ्यांनी नाव-पत्ता विचारला.

"नवघर, भाईंदर पूर्व."

"मग तुमचा संबंध काय? बाधित गावातल्या लोकांचंच ऐकायचंय. लेखी द्या."

खरं सांगतो सर, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लेखी देता येईल. 'तांत्रिक कारणाने' असं काहीतरी पुन्हा लिहिता येईल. मी बसायलाच लागलो होतो. मागून बायकांच्या बाजूने फिलूबायचा आवाज आला, "मी गावातली हाय. माझी पाळी मी त्याला देते. बोलू द्या त्याला." त्यांनी 'त्याला' म्हटलं, आदराने नाही, आणि ते बरोबर होतं.

मी पुढे गेलो. माइकचा आवाज घुमत होता, म्हणून तो बाजूला ठेवला. आधी तिन्ही परिच्छेद वाचले, शेवटपर्यंत. भिंगऱ्यांची ओळ मी दोनदा वाचली. सल्लागार म्हणाले, "हे छापलेल्या अंकात नाही." मी म्हटलं, "नाही, कारण मी काढलं." मग मी बोललो. घरून लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. जे बोललो ते असं :

"मी श्रीधर, त्या मासिकाचा संपादक. इनास मास्तरांचा लेख पुरा होता. मला शेवट कडू वाटला म्हणून मी तो कापला. त्यांनी विचारलं तेव्हा आमच्या सुनंदाताईंवर ढकललं. मागच्या वेळी इथेच, या हॉलमध्ये, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. तुम्ही त्यांना हसलात, ते माझ्यामुळे. तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. सुनंदाताईंची मागतो, त्या इथे आल्यात. फिलूबाय, तुमची. आणि इनास सर, तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, तेव्हा उघडलं नाही. माझं चुकलं, सर. मला माफ करा."